उठवणारी

झोपेतून उठवलेलं कोणालाच आवडत नाही. आई उठवते, बायको उठवते, घड्याळ उठवतं, आणि तिघांवरही आपण सारखेच वैतागतो. मग गल्लीभर लोकांना उठवत फिरणं हेच जिचं काम, तिच्या वाट्याला काय येत असेल त्याचा अंदाज तुम्हीच करा. गल्लीतले पुरुष तिला वैरीण म्हणायचे. "आली वैरीण," असं खिडकीआडून पुटपुटायचे आणि दिवसा धक्क्यावर भेटली की तिच्या टोपलीत गुपचूप चार मासे टाकायचे. तिला त्या नावाचा राग नव्हता. एखाद्या पहाटे कोणी म्हटलं नाही तर तीच खालून विचारायची, "काय रे, बरंबिरं नाही का?"

काम असं होतं. बंदर उथळ. पाणी भरलं की होड्या निघायच्या, ओसरलं की चिखलात बसायच्या. आणि भरती काही माणसाच्या सोयीने येत नाही, ती रोज थोडी पुढे सरकते. आज रात्री उशिरा, तर पुढच्या आठवड्यात उजाडता उजाडता. गजर लावायचा तर रोज नवा लावायला हवा, आणि दिवसभर जाळी ओढून आलेला माणूस गजर लावायला तरी कुठे जागा राहतो? तो पाठ टेकली की गेला. म्हणून गल्लीने या कामाला एक माणूस ठेवलेलं होतं. आधी तिची सासू होती, मग ती. तिचं घर सगळ्यात खाली, धक्क्याच्या पायऱ्यांना लागून. पायऱ्या चढणाऱ्या पाण्याचा आवाज बदलला की झोपेतही तिला कळायचं आणि ती उठून बांबू हातात घ्यायची.

बांबू लांबलचक होता. घरं दुमजली, खाली जाळी, दोर, वल्ही, मिठाची पोती, आणि माणसं वर. खालचं दार बडवलं तर वरच्याला ऐकू जायचं नाही आणि शेजारचा मात्र उठून भांडायला यायचा. त्यामुळे बांबूच्या टोकाला चिंधीत गुंडाळलेलं, जाळं तरंगायला लावतात ते बूच बांधून ती वरच्या खिडकीवर टकटक करायची. तान्हं मूल असलेल्या घरी हळू, नवरा-बायकोचं भांडण झालेल्या घरी जरा जोरात. कोणाच्या घरी काय चाललंय हे तिला सगळं ठाऊक, पण तोंडातून एक शब्द बाहेर जाणार नाही. त्या बाबतीत बाई पक्की होती.

उत्तर आल्याशिवाय खिडकीखालून हलायचं नाही, हा तिचा नियम. उत्तरं दोनच. "उठलो," नाहीतर "आज नाही." उठलो म्हटलं की पुढचं घर. आज नाही म्हटलं तरी पुढचंच घर, आणि का ते विचारायचं नाही. कोणाच्या अंगात ताप असेल, कोणाच्या मनात भीती असेल. कालच्या लाटा पाहून एखाद्या धडधाकट गड्याचे पाय गळालेले असतील. तो त्याचा प्रश्न. धक्क्यावर लोक विचारायला लागले की ही कानांवर हात ठेवायची. "नाही म्हणाला बाबा, मला काय माहीत." म्हणून तर गल्लीचा तिच्यावर भरवसा. ज्याला आज घरी राहायचंय त्याला तोंड न दाखवता राहता यायचं, ते तिच्यामुळे.

हे सगळं जुनं झालं. मासे दूर गेले, मोठ्या बोटी मोठ्या बंदरात गेल्या, पोरं कारखान्यांत गेली. गल्ली रिकामी झाली आणि लोक वर, टेकडीवरच्या नव्या वसाहतीत राहायला गेले. तिथे नळाला पाणी होतं, घरात संडास होता, आणि भिंतींना ओल नव्हती. रडत कोणी गेलं नाही, हेही सांगायला हवं. आता आता सगळे गळा काढतात.

मग काही वर्षांनी एक संस्था आली. तिने गल्ली ताब्यात घेतली, पडकी घरं उभी केली, पत्रे काढून पूर्वीसारखी कौलं घातली, विजेच्या तारा जमिनीखाली पुरल्या, दारांना काळं डांबर फासलं आणि भिंतींवर जाळी टांगली. जाळी नवी होती, त्यांना वासही नव्हता. आणि लोक तिथे एक रात्र राहायला येऊ लागले. जुन्या काळची मासेमारांची वस्ती जशीच्या तशी, असं बाहेर फलकावर लिहिलं होतं. तिने पहिल्यांदा ती झाडूनपुसून ठेवलेली गल्ली पाहिली आणि जावेला म्हणाली, "आमच्या वेळी ही एवढी चकाचक असती तर आम्ही कशाला सोडली असती?"

जाऊ धाकटी. दोघींचे नवरे केव्हाच गेलेले, म्हणून वसाहतीत दोघी एका घरात राहत. जावेच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचा नाही, आणि हिचं तोंड उघडायला मुहूर्त लागायचा, त्यामुळे दोघींचं छान जमायचं.

संस्थेची व्यवस्थापक एक तरुण मुलगी होती. सगळे तिला मॅडम म्हणत, म्हातारीही म्हणे. मुलगी मनाने चांगली, कामाला वाघ, पण तिला प्रत्येक गोष्टीचा अनुभव करायचा असे. पाहुण्यांना अनुभव द्यायचा, हा तिचा आवडता शब्द. वसाहतीत कोणाकडून तरी तिला कळलं की ही म्हातारी पूर्वी गल्ली उठवायची. झालं. मॅडम घरी येऊन बसल्या. "आजी, तुम्ही पाहुण्यांना उठवाल? तसंच, बांबूने?"

म्हातारी आधी हसली. ज्यांना कुठे जायचंच नाही त्यांना उठवायचं, हे काय काम झालं? पण वसाहतीत तिला कोणी कशाला विचारत नव्हतं. पहाटे डोळे उघडायचे आणि उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. ती हो म्हणाली. फक्त एक अट घातली. गल्लीच्या मधोमध, जिन्याला वळसा आहे ते घर आपण उठवणार नाही.

"ते तर बंदच आहे आजी, वरची जमीन खचलीय. दुरुस्तीला वेळ लागेल," मॅडम म्हणाल्या.

"मग झालं तर."

असं तिचं काम पुन्हा सुरू झालं. पाहुण्यांना ती फार आवडली. त्यांनी तिचं नाव टकटक आजी ठेवलं. भरती असो नसो, तांबडं फुटायच्या सुमारास ती निघायची. कोणी खिडकी उघडून मोबाइलवर तिचा फोटो काढायचा, कोणी "पाच मिनिटं आजी, फक्त पाच" म्हणून कूस बदलायचा. ती काही हलायची नाही. उत्तर हवं म्हणजे हवं. एकदा एका गृहस्थाने वैतागून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "अहो पण उठून करायचं काय?" ती खाली बांबू धरून उभीच राहिली. हा प्रश्न या गल्लीत तिला कधी कोणी विचारला नव्हता. शेवटी म्हणाली, "ते तुमचं तुम्ही बघा. माझं काम उठवायचं."

घरी येऊन हे जावेला सांगितलं तेव्हा जाऊ पोट धरून हसली.

पण त्या मधल्या घराखालून जाताना ती बांबू खाली घ्यायची आणि पावलं उचलायची. तिथे तिचा मुलगा राहायचा. एकुलता एक. लग्न झाल्यावर तिच्या घरातली एक खोली दोन संसारांना पुरेना, म्हणून त्याने ते घर घेतलं होतं. हाकेच्या अंतरावर तर होतं, तिला काही वाटलं नव्हतं. सूनही चांगली होती. जरा स्पष्ट बोलायची, पण चांगली. नवऱ्यावर जीव होता तिचा, आणि तो लपवायची अक्कल त्या वयात कोणाला असते?

त्या पहाटे गारठा होता. मुलगा दोन दिवस तापाने फणफणला होता, आदल्या संध्याकाळी ताप उतरला होता. तिने नेहमीसारखी खिडकी वाजवली. आतून सुनेचा आवाज आला, "आज नाही."

आता दुसरं कोणतंही घर असतं तर ती पुढे गेली असती. विचार न करता गेली असती. पण हे तिच्याच पोराचं घर होतं. आदल्याच दिवशी पाण्याच्या टाकीपाशी बायका बोलत होत्या, ती आल्यावर गप्प झाल्या होत्या. त्या महिन्यात तो आधीही घरी राहिला होता, आणि बायकोच्या पदराला बांधला गेलाय असं कोणीतरी म्हणालं होतं, ते तिच्या कानावर आलं होतं. तिच्या मनात आलं, आपण गल्लीतल्या बायांची पोरं उठवून पाण्यावर धाडतो, आणि आपलं पोर उबेत ठेवतो, असं लोक म्हणतील. उद्या कोणत्या तोंडाने दुसऱ्याची खिडकी वाजवायची? तिला तेव्हा हे अगदी न्यायाचं वाटलं. परक्यांच्या बाबतीत जो नियम तिने जन्मभर पाळला, तो स्वतःच्या मुलासाठी तिने मोडला, आणि मोडताना तिला वाटलं आपण नियम पाळतोय.

तिने पुन्हा वाजवली. पुन्हा आतून, जरा मोठ्याने, "आई, आज नाही म्हटलं ना." तिने वाजवणं थांबवलं नाही. शेवटी त्याचा आवाज आला, झोपेने जड झालेला. "उठलो. उठलो ना, बास आता."

ती पुढच्या घराकडे गेली.

जाळं पाण्यात सोडताना दोर भराभर सुटत जातो, तेव्हा पाय कुठे आहे याकडे लक्ष ठेवावं लागतं. शिकाऊ पोरालाही हे पहिल्या दिवशी सांगतात. त्याचा पाय दोराच्या वेटोळ्यात गेला आणि दोराबरोबर तोही गेला. सोबत्यांनी जाळं ओढून वर काढलं. त्याला घेऊन होडी दुपारी परत आली. बाकी सगळे सुखरूप होते.

गल्लीत तिला कोणी काही बोललं नाही. लोक आले, बसले, रडले. सून मात्र तिच्याशी एक शब्द बोलली नाही. महिनाभराने तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला तेव्हा सासूसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी नाही म्हटलं होतं." एवढंच. मग पिशवी उचलून गेली. पुढे तिने दुसरं लग्न केलं, शहरात असते, बरी आहे, असं उडत उडत कानावर आलं. म्हातारीला त्याचं बरं वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. पण ते वाक्य तिच्या मानगुटीवर जे बसलं ते बसलंच. भांडी घासताना ऐकू यायचं, कोणाच्या लग्नात चार बायकांत बसली असताना ऐकू यायचं. आणि त्याच्यामागून मुलाचा तो वैतागलेला आवाज, बास आता. मुलाने आपल्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते असावं, हे तिला सोसत नव्हतं. याबद्दल ती जावेशीही कधी बोलली नाही. जाऊ इतकी बोलकी, पण तिनेही कधी तो विषय काढला नाही.

तर त्या घराची दुरुस्ती एकदाची झाली. मॅडम सांगायला आल्या तेव्हा जरा चाचरतच होत्या.

"आजी, एक बाई येतायत. एकट्याच. त्यांनी मुद्दाम तेच घर मागितलंय. आणि सकाळी उठवायला याल ना, हे दोनदा विचारलं. मी हो म्हणून बसले. तुमची अट मी विसरले नव्हते, पण त्यांचा आवाज असा होता की मला नाही म्हणवलं नाही."

"कोण आहे?"

मॅडमनी नाव सांगितलं. आडनाव नवं होतं, नाव तेच होतं. मॅडम गेल्यावर जाऊ म्हणाली, "ताई, मी सांगते तिला, तुम्हाला ताप आलाय म्हणून. काय बोलायचंय ते दिवसाढवळ्या येऊन बोल म्हणावं. हा काय प्रकार? आता या वयात तुम्हाला त्या खिडकीखाली उभं करून काय मिळणार तिला?"

"जे मिळायचं ते मिळू दे."

"म्हणजे तुम्ही जाणार?"

"बघू."

त्या संध्याकाळी ती खाली गेली. कशाला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पाहुणे गल्लीत हिंडत होते, दारांना हात लावून बघत होते, लहान मुलं टांगलेल्या जाळ्यांतून शिवाशिवी खेळत होती. मधल्या घराच्या पायरीवर एक बाई बसली होती. केस पांढरे झालेले, चष्मा, अंगावर शाल. म्हातारीने तिला चालण्यावरून ओळखलं असतं, पण ती तर बसलेली होती, आणि तरीही ओळखलं.

"ओळखलंत?" बाईने विचारलं.

"ओळखलं."

"तब्येत बरी आहे?"

"आहे. तुझी?"

"बरी आहे." एक पाहुणा मध्येच येऊन म्हातारीबरोबर फोटो काढून गेला. तो गेल्यावर सून म्हणाली, "उद्या उठवायला या. याल ना?"

"तुला काय हवंय गं माझ्याकडून?" म्हातारीच्या तोंडून निघून गेलं.

"या म्हणजे झालं," सून म्हणाली आणि उठून आत गेली. जिना चढताना तिची पावलं वाजत राहिली. दुरुस्त केलेल्या लाकडाचा आवाज वेगळा होता.

म्हातारीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. जाऊही जागीच होती, पण घोरण्याचं सोंग करत होती. शिक्षा द्यायला आली असेल, असं म्हातारीला वाटत होतं. त्याच खिडकीखाली उभं करायचं, वाजवायला लावायचं आणि आतून उत्तर द्यायचं नाही. उत्तर येईपर्यंत मी हलत नाही हे तिला माहीत आहे. उन्हात उभी ठेवेल दिवसभर, गल्लीतले पाहुणे फोटो काढतील. ठेवू दे. तिचा हक्क आहे. तिच्या त्या 'आज नाही'चा मान मी राखला असता तर तिचा संसार उभा राहिला असता. म्हातारीला मरणाची भीती वाटत नव्हती, पण त्या खिडकीची वाटत होती. तरी न जाणं तिला जमलं नसतं. एकदा तिचं ऐकलं नव्हतं, आता दुसऱ्यांदा कसं नाही म्हणणार?

तांबडं फुटायच्या सुमारास ती बांबू घेऊन निघाली. खालची घरं तिने नेहमीसारखी वाजवली. एका घरातून उत्तर लगेच आलं, एकातून "हो हो हो" असा आवाज आला, एका घरातल्या लहान मुलीनेच सगळ्यांना आधी उठवून ठेवलं होतं आणि ती खिडकीत बसून वाट बघत होती. म्हातारीने तिला हात केला. मग मधलं घर आलं.

ती उभी राहिली. बांबू वर उचलला, पण बूच भिंतीलाच घासलं. पुन्हा उचलला. टकटक केलं, अगदी हळू, तान्हं मूल असलेल्या घरी करायची तसं.

आत शांतता.

पुन्हा टकटक केलं. उभी राहीन, तिने मनाशी म्हटलं.

तेवढ्यात आतून आवाज आला, "जागीच आहे मी. जाऊ नका, खाली येते."

सून शाल गुंडाळून खाली आली आणि पायरीवर बसली. चेहऱ्यावरून दिसत होतं की तीही झोपलेली नाही. तिने सासूला बसायला जागा करून दिली. म्हातारी बसली नाही.

"तुम्ही येता की नाही ते बघायचं होतं," सून म्हणाली. "आला नसतात तर सकाळच्या बसने गेले असते. कोणाला काही सांगितलं नसतं. रात्रभर मी तेच म्हणत होते, येऊ नका, येऊ नका."

"मग बोलावलंस कशाला?"

"सांगायचं होतं. आणि सांगायची हिंमत नव्हती." तिने शाल घट्ट ओढली. "त्या दिवशी तो उठलो म्हणाला, तुम्ही पुढे गेलात. तो उठला नव्हता. तुम्हाला गप्प करायला म्हणाला होता. कूस बदलून परत झोपला."

म्हातारीला कळेना ती काय सांगतेय.

"घोरायला लागला. आणि मला तुमचा इतका राग आला होता. मी दोनदा नाही म्हटलं, माझ्या घरात, माझ्या नवऱ्यासाठी, आणि तुम्ही मला मोजलंच नाही. तो तुम्हाला उत्तर देतो, माझ्यासाठी तोंड उघडत नाही. मी त्याला हलवून उठवलं. म्हटलं, आईने हाक मारलीय ना, मग जा. या घरात तिचंच चालतं तर जा तिचंच ऐकायला. पांघरूण ओढून काढलं त्याच्या अंगावरून." तिने चष्मा काढून हातात घेतला. "मी उठवलं त्याला. तुम्ही नाही."

म्हातारीचा हात बांबूवर आवळला गेला. "जाताना माझ्या तोंडावर म्हणालीस, मी नाही म्हटलं होतं."

"म्हणाले."

"माझा जन्म गेला त्या शब्दावर."

"माहीत आहे मला. मला जगायचं होतं, आई. दोघींपैकी एकीने ते अंगावर घ्यायचं होतं. मी तुमच्यावर टाकलं आणि पळाले. दुसरा संसार केला, मुलं झाली, सगळं झालं. पण मुलांना शाळेसाठी उठवायला मी कधी गेले नाही. त्यांचे वडील उठवायचे. त्यांना वाटायचं, मी आळशी आहे."

म्हातारीला हिला बडवावंसं वाटलं. खरंच वाटलं. आणि त्याच वेळी तिला दुसरंच काही आठवलं. त्या पहाटे सगळ्या होड्या सुटल्या आणि त्याची एक धक्क्याला थांबून होती. सोबती त्याच्या नावाने ओरडत होते. ती लांबून बघत होती आणि मनात म्हणत होती, उठलो म्हणून इतका वेळ झाला, हा करतोय काय? मग तो धावत आला होता, एक बाही घातलेली, दुसरी घालत. म्हणजे खरं होतं. सून आपल्याला हलकं वाटावं म्हणून रचून सांगत नव्हती.

ती खाली बसली. पायरी गार होती. बांबू तिने भिंतीला टेकवला, तो घसरून रस्त्यावर आडवा पडला, आणि कोणीच तो उचलला नाही.

"तू त्याला असं म्हणालीस," ती म्हणाली. "मग तो काय म्हणाला?"

"काय?"

"तू जा म्हणालीस. त्यावर तो काय म्हणाला? चिडला?"

सुनेने मान हलवली. "नाही. हसला. उठून बसला, डोळे चोळले आणि म्हणाला, तुम्हा दोघींच्या मध्ये झोपण्यापेक्षा पाण्यात गेलेलं बरं."

म्हातारीला हसू आलं. अगदी तो. लहानपणापासून हा असाच, रागावलेल्या माणसाला काहीतरी बोलून हसवायचा आणि निसटायचा. इतक्या वर्षांत तिने त्याचं नवं वाक्य ऐकलं नव्हतं. तिच्यापाशी होतं ते एकच, बास आता, आणि ते तिने झिजवून झिजवून पार गुळगुळीत केलं होतं. हसता हसता तिचा आवाज फाटला आणि ती रडायला लागली, मोठ्याने, पदर तोंडात न कोंबता. वरच्या अंगाच्या घरात कोणीतरी खिडकी किलकिली केली आणि परत लावून घेतली.

सून तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, या विचारात नुसती बसून होती. मग ठेवला.

"माझ्यावर रागवा," ती म्हणाली. "मी त्यासाठीच आले."

"रागावलेय. पुष्कळ रागावलेय," म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "जाणार नाही तो राग लगेच. तुझाही माझ्यावरचा जायचा नाही, आणि जाऊही नये. मी तुझं ऐकलं असतं तर तू त्याला उठवायलाच गेली नसतीस." तिने नाक पुसलं. "पण ते नंतर. आधी परत सांग. तो काय म्हणाला ते. कसा बसला होता, कुठे बघत होता, सगळं सांग."

सुनेने पुन्हा सांगितलं. मग म्हातारीने विचारलं म्हणून आणखी एकदा सांगितलं, या वेळी त्याच्यासारखा आवाज काढून. गल्लीतला उजेड वाढत गेला, तरी दोघी तिथेच पायरीवर बसून होत्या. पुढच्या घरांतले पाहुणे त्या दिवशी ऊन खिडकीत येईपर्यंत झोपले, आणि त्यांना उठवायला कोणी गेलं नाही.